अभय नेमकं कुणाला? हैतीचा कॉलरा, पुण्याचा जीबीएस आणि एक जुनं कलम



कोरोनाच्या काळात आपल्या वस्त्यांमध्ये एक शब्द घरोघर पोचला. इम्युनिटी. काढा प्या, इम्युनिटी वाढवा. चाकणच्या दहा बाय दहाच्या खोलीत सहा-सहा जण झोपणाऱ्या कंत्राटी कामगारांनाही कुणीतरी हाच सल्ला देऊन गेलं होतं. या शब्दाचा दुसरा अर्थ मात्र कुणी सांगितला नाही. कायद्याच्या पुस्तकात इम्युनिटी म्हणजे अमुक एकावर खटलाच भरता येणार नाही असं कवच. मराठीत आपण त्याला अभय म्हणू. साथ आली की पहिल्या अर्थाची इम्युनिटी आपल्याला कमवावी लागते. दुसऱ्या अर्थाची त्यांच्याकडे आधीपासून लिहून ठेवलेली असते.

त्यांच्याकडे म्हणजे कुणाकडे? आधी थोडं लांब जाऊ, मग इंद्रायणीच्या काठी परत येऊ.

हैती हा कॅरिबियन समुद्रातला छोटा देश. गुलामांनी बंड करून मालकांना हाकललं आणि १८०४ साली स्वतःचं प्रजासत्ताक उभं केलं, तो हा देश. १२ जानेवारी २०१० रोजी तिथे भूकंप झाला, लाखाहून अधिक माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना २००४ पासूनच तिथे होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये या सेनेत नेपाळची नवी तुकडी दाखल झाली. काठमांडूत तेव्हा कॉलरा सुरू होता. लक्षणं नसलेल्या सैनिकांची तपासणी झाली नाही. मिरबाले गावाजवळच्या त्यांच्या छावणीतलं मैलापाणी बाजूच्या ओढ्यात उतरत होतं, आणि तो ओढा आर्तिबोनित नदीला मिळतो. ही नदी म्हणजे त्या भागाची आपली इंद्रायणीच समजा. लोक तेच पाणी प्यायचे, त्यातच आंघोळ करायचे, त्यावरच भात पिकवायचे.

ज्या देशात किमान शंभर वर्षं कॉलऱ्याची नोंद नव्हती, तिथे काही दिवसांत माणसं कोसळू लागली. पुढच्या काही वर्षांत आठ लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि दहा हजारांच्या आसपास मेले. हा सरकारी आकडा आहे. डोंगरातल्या वाडीत दवाखान्यापर्यंत न पोचता मेलेले किती, याचा हिशोब कुणी ठेवला नसणार हे आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

संयुक्त राष्ट्रांनी आधी कानावर हात ठेवले. मग चार तज्ज्ञांची समिती नेमली. त्यात एक भारतीयही होते, जी. बालकृष नायर. २०११ च्या अहवालात समितीने रोगाचा जिवाणू दक्षिण आशियातला असल्याचं आणि नदीत मानवी विष्ठा मिसळल्याचं मान्य केलं. शेवटी मात्र सूर लावला की अनेक परिस्थिती एकत्र आल्या, कुणा एका गटाचा किंवा व्यक्तीचा हा दोष नाही. दोन वर्षांनी याच तज्ज्ञांनी स्वतःच्या नावाने लिहिलं की शांतिसेनेचे लोक हाच सर्वांत संभाव्य स्रोत आहे. समितीत बसून जे लिहिता आलं नाही ते बाहेर आल्यावर लिहिलं. उशिरा का होईना, लिहिलं.

२०११ साली पाच हजार पीडितांनी भरपाईचा दावा केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये उत्तर आलं की दावा स्वीकारण्याजोगा नाही, कारण त्यात राजकीय आणि धोरणात्मक बाबींचा विचार करावा लागेल. आईबाप गमावलेल्या लेकराला आपण राजकीय बाब आहोत हे तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल. न्यूयॉर्कच्या न्यायालयात खटला गेला. २०१५ मध्ये तो फेटाळला गेला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये अपिलातही तेच झालं. कारण एकच होतं, अभय.

हे अभय आलं कुठून? १३ फेब्रुवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने विशेषाधिकार आणि अभय यांचा करार मंजूर केला. त्यात एक कलम अभय देतं. त्याच करारातलं २९ वं कलम म्हणतं की अशा तंट्यांच्या निवाड्यासाठी संघटनेने योग्य ती सोय केली पाहिजे. हैतीशी झालेल्या करारातही दावे ऐकणारा आयोग नेमायचं ठरलं होतं. तो नेमलाच गेला नाही. म्हणजे करारातली स्वतःच्या सोयीची अर्धी बाजू पाळली आणि लोकांच्या सोयीची अर्धी बाजू फाइलमध्ये ठेवली.

१९४६ या सालापाशी आम्ही अडखळतो. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेता येईल का याचा विचार चालू होता. ज्या दारात न्याय मागायला जायचं आपण ठरवत होतो, त्या दाराने काही महिन्यांपूर्वीच स्वतःला आतून कडी लावून घेतली होती. याचा अर्थ बाबासाहेब चुकले असा नाही. दार ठोठावावंच लागतं. पण दारावर पाटी कोणती आहे एवढ्यावर न थांबता कडी कुणाच्या हातात आहे हे बघायचं, हा धडा आपण घ्यायला हवा होता.

आता घरी येऊ.

चिंचवडला चापेकर चौकातून आपण रोज जातो. १८९७ ची प्लेगची साथ म्हटलं की या शहराला रँड आणि चापेकर आठवतात. गोऱ्या सोजिरांनी पुण्यात घरं झडतीला घेतली, बाया-माणसांना रस्त्यावर काढलं, सामान जाळलं, लोक उचलून छावण्यांत नेले. २२ जूनला रँडवर गोळी चालली. या चौकात शिल्पं आहेत, दिवाबत्ती आहे. त्याच प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आणणाऱ्या सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. साथीत कोण कुणाला हात लावायला तयार होतं, हे त्या एका पाठीवरून कळतं. आमच्या शाळेत प्लेग शिकवला तेव्हा त्यात पिस्तूल होतं, ही पाठ नव्हती.

पण चापेकरवाले आणि आपण, दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट सुटली आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत इंग्रजांनी साथरोग कायदा केला. चार कलमांचा इवलासा कायदा. त्याचं चौथं कलम सांगतं की या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या किंवा करू घातलेल्या कोणत्याही गोष्टीबद्दल कुणावरही दावा चालणार नाही. सोजिराने घर फोडलं तरी सद्‌हेतू. छावणीत बाई मेली तरी सद्‌हेतू. इंग्रज गेले, कलम राहिलं. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात हाच कायदा लागू झाला आणि त्याच्या सावलीत कामगारांचे तांडे नाशिक फाट्यावरून पायी निघाले.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात माणसांचे हातपाय लुळे पडू लागले. गुइलेन-बारे सिंड्रोम, जीबीएस. पिंपरी-चिंचवडच्या हद्दीतही रुग्ण सापडले, वायसीएममध्ये मोफत उपचाराची घोषणा झाली. पुणे परिसरातले संशयित रुग्ण दोनशेच्या पुढे गेले. विष्ठेच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला, नोरोव्हायरसही सापडला. दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातात. पोटातल्या संसर्गाशी लढता लढता शरीर आपल्याच नसांवर उलटतं आणि धडधाकट माणूस व्हेंटिलेटरवर जातो. हजारो रुपयांचं एकेक इंजेक्शन, आणि अशी कितीतरी लागतात.

ही गावं २०१७ आणि २०२१ मध्ये पुणे महापालिकेत घेतलेली. घरपट्टी आली, पाण्याचं शुद्धीकरण केंद्र आलं नाही. धरणाचं पाणी विहिरीत, विहिरीत ब्लीचिंग पावडर, तिथून नळाला. साथ पसरली तेव्हा प्रशासनाने सांगितलं की पाणी उकळून प्या, चिकन नीट शिजवा. काही खासगी आरओ प्लांटला सील ठोकलं. सल्ला चुकीचा नव्हता. पण यात एक गंमत बघा. पाणी देणारा तो, पाणी तपासणारा तो, दोष कुणाचा हे ठरवणाराही तोच. संयुक्त राष्ट्रांनी हैतीत याहून वेगळं काय केलं?

त्या फेब्रुवारीत आम्ही एमआयडीसीला लागून असलेल्या एका वस्तीत पाण्याबद्दल बैठक घेतली. वीस लिटरचा जार घेणारी घरं निम्मी, बाकी बोअर आणि टँकर. एक ताई म्हणाल्या, "उकळायचं म्हणता, सिलिंडर कुणाच्या बापाचा?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. नंतर एका कार्यालयात गेलो तर साहेबांनी सांगितलं की नमुने चांगले आले आहेत. कुठले नमुने, कधी घेतले, कागद दाखवा म्हटल्यावर चहा मागवला. चहा चांगला होता. कागद आला नाही.

आमचा हा पट्टा तर या खेळाचं माहेरघर आहे. एका बाजूला महापालिका, दुसऱ्या बाजूला चाकण नगरपरिषद, मधे ग्रामपंचायती, वर पीएमआरडीए, एमआयडीसी, पाटबंधारे, प्रदूषण नियंत्रण मंडळ. आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस आला की वारकऱ्यांच्या फोटोसह बातमी येते आणि प्रत्येक खातं दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवतं. नदी एक, मालक सात, जबाबदार शून्य. अशा ठिकाणी अभय देणारं कलमही लागत नाही. हद्दीचा नकाशा पुरतो.

आता दोन आक्षेप, जे आपल्याच बैठकांत ऐकू येतात.

पहिला सुशिक्षितांचा. साथीला अनेक कारणं असतात, एकाला दोषी धरणं अशास्त्रीय आहे. आम्ही समाजशास्त्र शिकलो आहोत, 'संरचनात्मक कारणं' हा शब्द आम्हीही भाषणात वापरतो. पण हैतीच्या समितीनेही हेच म्हटलं होतं, आणि या शब्दाचा उपयोग किती सहज सुटकेसाठी होतो ते तिथे दिसलं. तथागतांनीही सांगितलं की हे असलं म्हणजे ते होतं. त्यांनी कारणांची साखळी दाखवली ती तोडता यावी म्हणून. साखळी लांब आहे, सबब कुणालाच धरू नका, हा प्रतीत्यसमुत्पाद नव्हे, हा वकिली युक्तिवाद आहे. आणि साखळी धरायची तर वरच्या टोकाला धरा. हैतीत शिव्या नेपाळी पोराला पडल्या. तो गरिबाघरचा, पगारासाठी वर्दी घातलेला. त्याची तपासणी न करता त्याला पाठवणारे आणि संडासाचं पाणी कंत्राटदाराच्या भरवशावर सोडणारे कुठेच नव्हते. आपल्याकडेही साथ आली की शिव्या खोल्यांत राहणाऱ्या बिहारी-मराठवाडी पोरांना, गाडीवाल्याला आणि सफाई कामगाराला पडतात. पाणी 'बाटवलं' कुणी, या प्रश्नाचं उत्तर या समाजाने आधीच ठरवलेलं असतं. १९२७ मध्ये आपण चवदार तळ्याला हात लावला तर त्यांनी शेण आणि गोमूत्राने पाणी शुद्ध करून घेतलं. खऱ्या घाणीची तपासणी तेव्हाही झाली नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. भरपाई द्यावी लागली तर शांतिसेना कोण पाठवेल, महापालिका कशी चालेल? भारतातल्या नगरपालिकांपुरतं याचं उत्तर १९८० सालीच दिलं गेलं आहे. रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट केलं की तिजोरी रिकामी आहे ही सबब सांगून नगरपालिकेला गटार आणि स्वच्छतेच्या कर्तव्यातून सुटता येणार नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रदूषणमुक्त पाणी कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरलं. बाबासाहेबांच्या संविधानाने इंग्रजांच्या चौथ्या कलमावर दिलेलं हे उत्तर आहे. आपण ते वापरत नाही, ही तक्रार मग आपलीच आपल्याविरुद्ध.

संयुक्त राष्ट्रांचं पुढे काय झालं तेही सांगतो. त्यांचेच दारिद्र्यविषयक विशेष प्रतिवेदक फिलिप अल्स्टन यांनी २०१६ मध्ये संघटनेची भूमिका नैतिक आणि कायदेशीर दोन्ही अंगांनी टिकणारी नाही असं लिहिलं. १ डिसेंबर २०१६ रोजी बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची माफी मागितली. माफी कशाची, तर साथ आणि तिचा फैलाव रोखायला पुरेसं केलं नाही याची. साथ आणल्याची नाही. चाळीस कोटी डॉलरची योजना जाहीर झाली, पण देशांच्या मर्जीवरच्या देणगीतून, आणि त्यातला अगदी लहान हिस्सा जमला. भरपाई हा हक्क असतो, देणगी ही दया असते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये हैतीत कॉलरा पुन्हा आला.

तरीही ती माफी आपोआप आली नाही. पाच हजार माणसांनी नावं लिहून, सह्या-अंगठे करून कागद तयार केले, म्हणून ती आली. खटला हरले, पण कागद राहिले. आमचं म्हणणं इथेच आहे. २० मार्चला आपण महाडला गाड्या भरून जातो, जायलाच हवं. पण आपल्या वॉर्डातल्या पाण्याचा मागच्या तीन महिन्यांचा तपासणी अहवाल आपल्यातल्या किती जणांनी पाहिला आहे? २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातही एक चौथं कलम आहे. ते सांगतं की कार्यालयांनी कुणी मागण्याआधी स्वतःहून माहिती जाहीर करावी. १८९७ चं चौथं कलम तोंड बंद करतं, हे तोंड उघडायला लावतं.

म्हणून आम्ही अर्ज टाकले आहेत. आमच्या वस्तीला येणाऱ्या पाण्याचा नमुना कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, कोणत्या प्रयोगशाळेत गेला, निकाल काय, आणि नमुना नापास झाला तर त्या दिवशी पाणी सोडण्याचा आदेश कुणाच्या सहीने निघाला. शेवटचा प्रश्न त्या सिलिंडरवाल्या ताईंनी सुचवला. पहिल्या कार्यालयाने अर्ज परत पाठवला, विषय आमच्या अखत्यारीत येत नाही म्हणून. माहिती अधिकाराचं कलम ६(३) सांगतं की असा अर्ज परत करायचा नसतो, पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. ते कलम लाल पेनाने अर्जावर लिहून आम्ही तो पुन्हा त्याच टेबलावर ठेवून पोच घेतली आहे. अर्जाचा नमुना विहारात ठेवला आहे, रविवारी सकाळी वंदनेनंतर मिळेल. येताना पाण्याचं बिल घेऊन या. बिल नसेल तर घरपट्टीची किंवा जारवाल्याची पावती चालेल.