माप जुळते, चेहरा जुळत नाही

लंडनच्या मेरिलबोन रस्त्यावरील मादाम तुसाँ संग्रहालयात शिरणारा प्रेक्षक कलेचा जाणकार असतोच असे नाही. तरीही प्रत्येक मेणाच्या पुतळ्यासमोर तो क्षणार्धात निकाल देऊन मोकळा होतो. एका पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून तो हौसेने छायाचित्र काढून घेतो. दुसऱ्यासमोर मात्र थबकतो, खालची पाटी वाचतो आणि सोबत्याला हळूच विचारतो, ‘हे कोण म्हणे?’ काय चुकले हे त्याला सांगता येत नाही, परंतु काहीतरी चुकले आहे याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते. दोन्ही पुतळे मेणाचेच, दोन्हींमागे महिनोन्महिन्यांची मेहनत. मग एकात माणूस उतरतो आणि दुसऱ्यात का उतरत नाही?

या कलेचा इतिहास हा एका पेढीचाही इतिहास आहे. व्यापारी घरांतील वाचकांना तो म्हणूनच जवळचा वाटेल. मारी ग्रोशोल्ट्झ यांचा जन्म १७६१ साली स्ट्रासबुर्ग येथे झाला. त्यांची आई फिलिप कुर्तियस नावाच्या वैद्याकडे घर सांभाळीत असे. हे कुर्तियस शरीररचनेच्या अभ्यासासाठी मेणाचे अवयव घडवीत. पुढे त्यांनी पॅरिसमध्ये नामांकितांच्या मेणाच्या पुतळ्यांचे प्रदर्शन मांडले. मारी त्यांच्याच हाताखाली शिकल्या. १७९४ मध्ये कुर्तियस निवर्तले, तेव्हा सारा संग्रह मारींकडे आला. पुढच्याच वर्षी फ्रान्स्वा तुसाँ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १८०२ मध्ये थोरल्या मुलाला बरोबर घेऊन, पती आणि धाकटा मुलगा पॅरिसमध्ये ठेवून, त्या इंग्लंडला निघाल्या आणि पुन्हा कधी मायदेशी परतल्या नाहीत. तेहतीस वर्षे गावोगाव प्रदर्शन फिरवल्यानंतर १८३५ मध्ये लंडनच्या बेकर स्ट्रीटवर त्यांनी कायमचे बस्तान बसवले. म्हातारपणीही त्या स्वतः दाराशी बसून प्रवेशाचे पैसे घेत. १८५० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काळातील गिऱ्हाइकाने राजाला किंवा सेनापतीला प्रत्यक्ष पाहिलेले नसे. छायाचित्रण अजून जन्मास यायचे होते. नाण्यावरचा ठसा किंवा छापील चित्र, एवढीच काय ती ओळख. अशा गिऱ्हाइकापुढे कसाही माल खपला असता. आज उलट आहे. प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये त्या नटाचे, त्या खेळाडूचे शेकडो चेहरे आहेत. हसताना, रागावलेले, घामाघूम झालेले. प्रेक्षकच पारखी झाला आहे, आणि मूर्तिकाराचे काम त्यामुळे कठीण झाले आहे.

जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर प्लास्टर ओतून साचा घेतला, तर फरक केसभरही राहू नये, असे आपणास वाटेल. मारींच्या काळी असे साचे घेतले जात. परंतु साचा घेताना डोळे मिटलेले असतात, प्लास्टरच्या भाराने गालाचे मांस किंचित दबते, आणि श्वास सांभाळण्याच्या प्रयत्नात चेहऱ्यावरचा भाव मावळतो. हाती येतो तो तंतोतंत मापाचा, तरीही परका वाटणारा मुखवटा. डोळे उघडणे, ओठांना त्यांचे नेहमीचे वळण देणे हे काम कलावंतालाच करावे लागते.

आजची पद्धत अधिक काटेकोर आहे. व्यक्ती तयार असेल तर कारागीर तिला समोर बसवून दोनशेहून अधिक मापे घेतात, चहूबाजूंनी छायाचित्रे काढतात, डोळ्यांचा, केसांचा आणि त्वचेचा रंग नमुन्यांशी ताडून पाहतात. मग मातीत मस्तक घडते. मेण थंड होताना आकसते, म्हणून हे मस्तक मुळापेक्षा सुमारे दोन टक्के मोठे ठेवतात. मातीवरून साचा, साच्यातून मेण, आणि मग मानवी केस एकेक करून सुईने रोवणे. त्यालाच कित्येक आठवडे लागतात. डोळ्यांतील बारीक शिरांसाठी रेशमाचे तलम धागे वापरतात. मेण अर्धपारदर्शक असते, त्यामुळे त्वचेचा रंग एका हातात बसत नाही; तेलरंगाचे पातळ थर एकावर एक द्यावे लागतात. अमिताभ बच्चन यांचा पुतळा २००० मध्ये लंडनमध्ये उभा राहिला, सचिन तेंडुलकर यांचा २००९ मध्ये. त्यांच्यामागे कारागिरीची हीच परंपरा आहे.

एवढे करूनही चूक का राहते? कारण आपण चेहरा सुटा सुटा वाचत नाही. नाक, डोळे, ओठ यांची यादी करून आपण कोणाला ओळखत नाही. त्यांच्यातील परस्परसंबंध आपल्या नजरेला एकदम दिसतो. पीटर थॉम्पसन या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये याचा एक सोपा पुरावा दिला. मार्गारेट थॅचर यांच्या छायाचित्रातील केवळ डोळे आणि तोंड त्यांनी उलटे करून बसवले. संपूर्ण छायाचित्र उलटे धरले, तर पाहणाऱ्यास फारसे वावगे वाटत नाही. सुलटे करताच चेहरा भयानक दिसू लागतो. सुलट्या चेहऱ्याच्या बाबतीत आपला डोळा सराफाच्या काट्यासारखा असतो. गुंजभर फरकही तो सोडत नाही. जपानचे यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये आणखी एक निरीक्षण मांडले होते. मनुष्याकृती माणसासारखी होत जाते तसतशी ती आपल्याला आवडू लागते. पण साम्य जवळजवळ पूर्ण होऊन थोडेच उरले, की आवडीच्या जागी अचानक शिसारी येते. मेणाचा पुतळा नेमका त्याच धोक्याच्या काठावर उभा असतो. कापडी बाहुलीचा चेहरा बेतास बात असला तरी आपण तो चालवून घेतो; मेणाच्या पुतळ्याला तेवढी सूट नाही.

अलीकडची दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. २०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या मादाम तुसाँ संग्रहालयातील गायिका बियॉन्से यांच्या पुतळ्यावर टीका झाली, कारण त्याची त्वचा मूळच्या मानाने फारच उजळ दिसत होती. संग्रहालयाने तेथील प्रकाशयोजना बदलली. पॅरिसचे ग्रेव्हँ संग्रहालय १८८२ पासूनचे, म्हणजे जुन्या लौकिकाचे. तेथे २०२३ मध्ये अभिनेते ड्वेन जॉन्सन यांचा पुतळा मांडला गेला. शिल्पकाराला त्यांची प्रत्यक्ष भेट मिळाली नव्हती; छायाचित्रे आणि चित्रफिती यांवरच काम भागवावे लागले होते. पुतळा इतका गोरा झाला की जगभर त्याची थट्टा झाली. जॉन्सन यांचे वडील कृष्णवर्णीय आणि आई सामोअन वंशाची. त्यांनी स्वतः हसतहसतच, पण स्पष्टपणे, त्वचेच्या रंगापासून सुरुवात करून पुतळा सुधारा असे सांगितले, आणि संग्रहालयाने रंग तातडीने दुरुस्त केला. येथे प्रश्न केवळ कारागिरीचा राहत नाही. माणसाचा वर्ण त्याच्या आईवडिलांकडून येतो. तो पुसला गेला, तर त्या घराची ओळखही पुसली जाते. म्हणूनच हसणाऱ्यांच्या गर्दीत दुखावलेलेही बरेच होते.

तिसरे उदाहरण नावाच्या वारशाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मूळ पेढी तुसाँ घराण्याच्या मालकीची राहिली नाही. मारींचे पणतू लुई यांनी स्वतंत्र प्रदर्शने थाटली. त्यांचेच नाव मिरवणारे एक मेणघर इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रेट यारमथ या गावी एका दाम्पत्याने पन्नासहून अधिक वर्षे चालवले. २०१२ मध्ये ते बंद झाले. तेथील पुतळे ओळखू येत नाहीत, हीच त्यांची कीर्ती होती. राजघराण्यातील व्यक्ती कोण आणि चित्रपटातील कोण, हे पाटीवरून ठरवावे लागे. लोक मुद्दाम हसायला जात, आणि हसून प्रसन्न होऊन परत येत. त्या दाम्पत्याच्या चिकाटीबद्दल मनात आदर वाटतो. परंतु पाटीवरचे नाव वारशाने मिळते आणि हात मिळत नाही, हे सत्य त्या मेणघराने वर्षानुवर्षे दाखवून दिले. कोणत्याही पेढीच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीने त्याकडे लक्ष द्यावे असे आहे.

आपल्याकडचा अनुभव फार वेगळा नाही. १ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर सचिन तेंडुलकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. तो मेणाचा नव्हे, परंतु न्याय तोच. फटक्याचा आवेश सर्वांनी ओळखला. चेहरा पाहून मात्र अनेकांना ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह स्मिथ आठवले. ज्या चेहऱ्याला घराघरांतून चोवीस वर्षे डोळे भरून पाहिले, त्याच्या बाबतीत महाराष्ट्र थोडेही कमी-जास्त स्वीकारत नाही.

हा विषय नामवंतांपुरता ठेवण्याचे कारण नाही. आपल्याही घरांत संस्थापक आजोबांचे तैलचित्र दुकानात लागते, एखाद्या शाळेत किंवा धर्मशाळेत त्यांचा अर्धपुतळा बसतो. बहुधा ते गेल्यानंतर, एखाद्या जुन्या ओळखपत्रावरच्या एकुलत्या छायाचित्रावरून हे काम होते. पुढे तोच चेहरा नातवंडांच्या मनात ‘आजोबा’ म्हणून कायमचा ठसतो. खरा चेहरा पाहिलेली माणसे एकेक करून कमी होत जातात. म्हणून वडीलधारी माणसे आपल्यात आहेत तोवरच समोरून, दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या स्वच्छ उजेडात त्यांची साधी छायाचित्रे काढून ठेवावीत. गादीवर बसलेले, हिशेब पाहताना, नातवाशी बोलतानाही. पुतळा करवून घ्यायचाच असेल, तर ओतकाम होण्यापूर्वी, मस्तक मातीत असतानाच पाहावे, कारण दुरुस्ती त्याच वेळी सोपी असते. आणि पाहण्यासाठी विश्वस्त मंडळाबरोबर घरातील आजीलाही न्यावे. तिला मापे ठाऊक नसतील. पण पन्नास वर्षे ज्याला समोर बसवून वाढले, तो हाच की नव्हे, हे ती एका नजरेत सांगेल, आणि मूर्तिकाराने तिचेच ऐकावे.