पाय साथ देत नसेल तर शेतात फिरायला कोणती गाडी घ्यायची?

२२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर एकच चर्चा: ट्रॅक्टर स्वस्त झाला, छोटी कार स्वस्त झाली, आता काय घ्यायचं? आमच्या घरात मात्र प्रश्न जरा वेगळा होता.

आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डाव्या पायात रॉड आहे. अपघातानंतर गुडघा अर्ध्यापेक्षा जास्त वाकत नाही. काठी घेऊन अंगणात फिरतात. पण वस्तीवरच्या घरापासून खालचं रान पाऊण किलोमीटरवर, आणि सव्वा वर्षात ते तिकडे गेलेले नव्हते. नऊ एकरांपैकी साडेतीन एकर तिथंच आहे. "जमत नसेल तर ते रान वाट्यानं देऊन टाका," असं काकांनी सुचवलं. आप्पा तेव्हा गप्प बसले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "बघितल्याशिवाय रान आपलं राहत नाही."

मग मी गाड्या शोधायला लागलो. त्या शोधात जे कळलं ते इथं सांगतोय, कारण गुडघे गेलेले आजी-आजोबा किंवा अपघातातून उठलेलं कुणीतरी बहुतेकांच्या घरी असतंच.

स्वस्त झालं म्हणजे नेमकं काय झालं?

शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. करापूर्वी ६ लाखांचा ट्रॅक्टर असेल तर कर ७२ हजारांवरून ३० हजारांवर आला, म्हणजे थेट ४२ हजार वाचले. तीनचाकी गाड्या २८ वरून १८ टक्क्यांवर आल्या. इलेक्ट्रिक गाड्यांवर आधीही ५ टक्के होता, आताही तेवढाच आहे. १२०० सीसीपर्यंतच्या, ४ मीटरच्या आतल्या पेट्रोल कारवर २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर लागायचा. तिथंही आता १८ टक्के.

या शेवटच्या आकड्यात एक गोष्ट लपलीय. अस्थिव्यंग ४० टक्के किंवा जास्त असेल तर दाखला दाखवून अशा छोट्या कारवर पूर्वी १८ टक्केच कर भरावा लागायचा. म्हणजे इतरांपेक्षा ११ टक्के कमी. आता सगळ्यांनाच १८ टक्के. गाडी स्वस्त झाली हे खरं, पण दिव्यांग ग्राहकाला मिळणारा वेगळा फायदा छोट्या कारच्या बाबतीत शून्यावर आला. हाताने चालवायचे ब्रेक-अॅक्सिलरेटर बसवायचा खर्च मात्र त्याच्याच माथी राहिला.

आणि जे ४० च्या खाली आहेत त्यांचं काय? आप्पांना बोर्डानं ३० टक्के दिले. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या हिशेबात ते ४० टक्क्यांच्या रेषेच्या अलीकडे राहतात. शेतातल्या ढेकळांना ही रेषा माहीत नसते.

यूट्यूबवरची गाडी इथं का चालत नाही?

शोधायला बसलं की पहिल्यांदा अमेरिकेतले व्हिडिओ समोर येतात. पोलारिस रेंजर, जॉन डिअर गेटर, कुबोटा आरटीव्ही. याला तिकडे साइड-बाय-साइड म्हणतात: शेजारी-शेजारी दोन सीट, कारसारखं स्टिअरिंग, क्लचची कटकट नाही, डोक्यावर संरक्षक लोखंडी पाइप, मागे सामानाला ट्रे. घोड्यासारखी टांग टाकून बसायचं नाही, त्यामुळे गुडघेदुखीवाल्या माणसाला हे बरं. चार चाकांच्या एटीव्ही बाइकवर टांग टाकावी लागते, म्हणून ती आमच्या यादीतून पहिल्याच दिवशी कटाप.

पण आपल्याकडे दोन अडचणी. पहिली किंमत. दुसरी त्याहून मोठी: अशा गाड्या साधारणपणे रस्त्यावर न चालवण्याच्या अटीवर विकल्या जातात, नोंदणी होत नाही. अमेरिकेत शेकडो एकर एकाच कुंपणात असतात. आपल्याकडे दोन एकर इथं, तीन एकर तिथं आणि मधे पाणंद.

कायदा बांधावर सुरू होतो

मोटार वाहन कायद्यात फक्त बंदिस्त आवारात वापरायच्या खास गाड्यांना सूट आहे. पण पाणंद सार्वजनिक वाट असेल तर तिथं नोंदणी, लायसन्स आणि विमा लागतो. "गावात कोण बघतंय" हे वाक्य अपघात होईपर्यंतच चालतं. विम्याचा दावा करायची वेळ आली की सगळे बघतात.

चांगली बातमी अशी की २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात 'अनुकूलित वाहन' ही व्याख्या आली. दिव्यांग व्यक्तीसाठी बनवलेली किंवा बदल केलेली गाडी रीतसर नोंदवता येते आणि लायसन्सवरही तो वर्ग असतो. बाजूला चाकं लावलेली स्कूटर यातच येते. बदल मात्र आरटीओच्या परवानगीनं करायचा. आधी वेल्डिंग आणि मग कागद, असा उलटा कारभार नको.

२५० वॉटचं गणित

"लायसन्स नको, नंबर नको" अशी जाहिरात असलेल्या बॅटरी गाड्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यामागचा नियम असा: मोटरची ३० मिनिटं सलग देता येणारी शक्ती २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही.

आता शेतात काय होतं बघा. माणूस ७५ किलो, यंत्र ७५ किलो, एकूण १५०. वाट १०० मीटरला १० मीटर चढते आणि माती भुसभुशीत आहे. चढासाठी साधारण १५० न्यूटन जोर लागतो आणि मऊ मातीसाठी अंदाजे तेवढाच, मिळून ३००. एवढा जोर लावून २५० वॉटची मोटर ताशी ३ किलोमीटरनं जाईल, तेही मधे कुठंच शक्ती वाया गेली नाही असं धरून. म्हणजे चालण्यापेक्षा हळू, आणि मोटर तापणार ती वेगळीच.

हेच गणित ४०० किलोच्या चारचाकी बॅटरी गाडीला लावा. त्याच चढावर ताशी १० किलोमीटरनं जायला सव्वादोन किलोवॉट लागतात, जवळपास नऊपट. म्हणून जी गाडी नोंदणीतून सुटते ती बहुधा शेतातला चढ चढत नाही. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनचं निओबोल्ट, म्हणजे व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटरचं चाक, गावातल्या डांबरी रस्त्यावर माणसाला स्वातंत्र्य देतं. पण नांगरटीत ते घालायचं म्हणजे त्याच्यावरच अन्याय आहे.

बॅटरीचं सांगताना दुकानदार फक्त एएच सांगतो. तुम्ही व्होल्टनं गुणा. ४८ व्होल्ट, १०० एएच म्हणजे ४.८ युनिट. ५००० एमएएचचे सुमारे अडीचशे फोन भरतील एवढी वीज. ऐकायला भरपूर वाटतं, पण वरच्या चढावर ती दोन तासांचीच सोबत आहे. लेड-अॅसिड बॅटरी असेल तर एक तासच धरा, कारण ती रोज अर्ध्याच्या खाली उतरवली की लवकर मरते.

चाकं किती हा प्रश्न वाटेला विचारा

ही गोष्ट मला कुठल्याही रिव्ह्यूत सापडली नाही, पाणंदीवर उकिडवं बसून कळली. ट्रॅक्टर जाऊन-जाऊन वाटेला दोन चाकोऱ्या पडतात आणि मधे उंचवटा राहतो. तीनचाकी गाडीची मागची चाकं चाकोरीत धावतात आणि पुढचं चाक त्या उंचवट्यावर नाचतं. हँडल सारखं हातातून सुटतं. बांधावरून तिरकी उतरताना पुढे एकच चाक असल्यानं कलंडायची भीती असते, ती वेगळी.

बाजूला चाकं लावलेल्या स्कूटरचं उलटं होतं. तिला ओढणारं चाक मधलं. बाजूची दोन चाकं उंचावर टेकली आणि मधे खड्डा आला की मधलं चाक अधांतरी फिरतं, गाडी तिथंच. सपाट रस्त्यावर ही स्कूटर हजारो लोकांचा आधार आहे, रानात मात्र हमी नाही.

मिनी ट्रॅक्टर चिखलाचा राजा. पण क्लच डाव्या पायाला, पायरी उंच, आणि बसताना पाय गिअरच्या दांड्यांवरून ओलांडून न्यायचा. डावा गुडघा वाकत नसेल तर चढणंच कसरत. त्यात डोक्यावर संरक्षक चौकट नसलेला ट्रॅक्टर बांधावर उलटला तर माणूस खाली सापडतो. ५ टक्के जीएसटी बघून आम्ही जवळजवळ ट्रॅक्टर बुक केला होता. आप्पा शोरूममध्ये दुसऱ्या पायरीवर अडकले आणि विषय संपला.

शरीर आधी, गाडी नंतर

त्या दिवसानंतर मी गाडीची फीचर्स बघणं बंद केलं आणि आप्पांची मापं घेतली. तुम्हीही शोरूमला जाताना हे तपासा:

सीटची उंची. उभं राहून फक्त मागे टेकलं की बसता आलं पाहिजे. सीट मांडीच्या खाली असेल तर उठताना हाल, कमरेच्या वर असेल तर चढताना हाल.

कोणता पाय कमजोर? डावा असेल तर दोन पेडलची ऑटोमॅटिक गाडी तशीच्या तशी चालते. उजवा असेल तर हाताचे कंट्रोल लागतील, म्हणजे आरटीओची प्रक्रिया आली.

पाय पसरायला जागा. न वाकणारा गुडघा डॅशबोर्डला घासतो का? पाच मिनिटं नको, वीस मिनिटं बसवून बघा.

काठी कुठं ठेवणार? हसू नका. उतरताना काठी हाताशी नसेल तर गाडी म्हणजे पिंजराच.

बंद पडली तर? माणसाला चालत परत येता येत नाही, हे गृहीत धरूनच निवडा. फोनला रेंज कुठं-कुठं आहे ते आधी फिरून बघा.

शेवटी आम्ही काय केलं?

सेकंड हँड, उंच छताची, एएमटी गिअरची छोटी पेट्रोल कार घेतली. नव्या मिनी ट्रॅक्टरपेक्षा कमी पैशांत आली. चार चाकं दोन चाकोऱ्यांत बसतात, सीट बरोबर उंचीवर आहे, डाव्या पायाला काम नाही, नंबर आणि विमा आहे. गाडी घ्यायच्या आधी हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं, चाळिशीनंतर लागणारा फॉर्म १-अ त्यांच्याकडून भरून घेतला आणि आरटीओत पायाची गोष्ट न लपवता सांगितली. हे टाळू नका.

वाचलेले पैसे वाटेवर घातले. खालच्या रानात बांधाच्या कडेनं मुरूम टाकून, दाबून वाट केली. ठिबकचे व्हॉल्व्ह उचलून त्या वाटेच्या कडेला आणले. मोटर मोबाइलवरच्या स्टार्टरनं चालू-बंद होते. म्हणजे गाडीला सरीत उतरायची गरजच पडत नाही. पाणंदीचं काम मात्र एकट्याचं नाही. मे २०२५ च्या शासन निर्णयात शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंद ठेवायचं आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात करायचं म्हटलंय. आम्ही पाच शेतकऱ्यांनी मिळून तहसीलदारांकडे अर्ज दिलाय. वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चा जुना मार्गही आहे.

ही निवड परिपूर्ण नाही. काळ्या मातीत पाऊस पडला की ही कार चार-पाच दिवस अंगणातच उभी राहते. चिखलात एएमटीचा क्लच तापतो, म्हणून तिथं हट्ट करायचा नाही. तुमच्याकडे सगळी जमीन एका कुंपणात असेल तर जुनी गोल्फ कार्ट कदाचित जास्त बरी. उजवा पाय गेला असेल तर उत्तर आणखी वेगळं. पण क्रम तोच ठेवा: आधी शरीर, मग वाट, मग कायदा आणि सगळ्यात शेवटी कराची टक्केवारी. बातम्या नेमक्या उलट्या क्रमानं सांगतात.

डिसेंबरात वाट वाळल्यावर आप्पा पहिल्यांदा खालच्या रानात गेले. मी शेजारी बसलो होतो. तिसऱ्या व्हॉल्व्हपाशी त्यांनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि उसाकडे बोट केलं. ठिबकची एक नळी उंदरानं कुरतडली होती, दोन सऱ्या पिवळ्या पडल्या होत्या. मी, आई आणि गडी, आम्ही तिघं तिथून रोज जात होतो. आमच्यापैकी कुणालाच ती दिसली नव्हती.

रान वाट्यानं द्यायचा विषय काकांनी पुन्हा काढलेला नाही.