गडचिरोलीत प्राध्यापक होताना

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले; त्यांत गडचिरोलीचेही होते. शेजारच्या चंद्रपूरचे महाविद्यालय २०१५ पासून चालू आहे. इमारती होतील, यंत्रे येतील. अध्यापक टिकतील का, याची आम्हाला काळजी आहे. रुजू झाल्या दिवसापासून अनेकांची नागपूरच्या बदलीसाठी खटपट सुरू होते. तरुण सहकाऱ्यांना नावे ठेवून भागणार नाही. मुलांची शाळा, जोडीदाराची नोकरी, राहण्याची सोय या अडचणी खऱ्याच आहेत. पण एक अडचण आपण अध्यापकांनीच घालून ठेवली आहे. असिस्टंट प्रोफेसर म्हणून चार वर्षे, ठरलेले शोधनिबंध, बेसिक कोर्स, मग बढती, मग विभागप्रमुखाची खोली, एवढ्यालाच आपण कारकीर्द म्हणत आलो. आपण कुणाला काय शिकवले आणि त्यातून कुणाचा जीव वाचला, हे बढतीच्या अर्जात कुठेच लिहावे लागत नाही.

गडचिरोलीत वैद्यकीय अध्यापनाचे सर्वांत मोठे काम झाले, ते तिथे महाविद्यालय नसताना. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग नागपुरात शिकले, जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले आणि ‘सर्च’ या संस्थेच्या कामासाठी गडचिरोलीत राहिले. त्यांच्या न्यूमोनियावरच्या कामातला एक तपशील प्रत्येक अध्यापकाने बारकाईने पाहावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक, मोठ्या बाळाचा पन्नास किंवा अधिक, तर न्यूमोनियाचा संशय. हे शिकवायचे कुणाला? तर जिला साठपर्यंत मोजता येत नाही अशा सुईणीला. मग एका साधनावर मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी बसवल्या. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर बाळाला उपचार हवेत.

पुढे गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला आणि जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायला शिकवले. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्क्यांची निव्वळ घट झाली होती. २०११ पासून देशभरातल्या आशा घरी जाऊन नवजात बाळाला तपासतात, त्यामागे हे काम आहे. शिकणाऱ्याला काय येते ते आधी पाहणे, त्याप्रमाणे साधन घडवणे, मग निकाल मोजणे. एमईयूच्या कार्यशाळेत आपण हेच तर सांगतो!

वॉर्डातही शिकवण्यासारखे किती आहे. पावसाळ्यात पहाटे पोट दुखते म्हणून आणलेला, जमिनीवर झोपणारा माणूस. दंशाची खूण नाही, सूज नाही, पण पापण्या मिटत चालल्या आहेत. मण्यार आहे, हे ओळखून प्रतिविष सुरू करायला आणि श्वास थांबण्याआधी नळी घालायची तयारी ठेवायला पुस्तक पुरत नाही. शेजारी उभे राहून दाखवणारे सर किंवा मॅडम लागतात. फाल्सिपॅरम मलेरिया, सिकलसेल, अस्वलाने फाडलेला चेहरा यांचेही तसेच. आणि रुग्ण माडिया बोलत असेल, तर हिस्ट्री घेणे मुलांना नव्याने शिकवावे लागते.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२५ च्या नियमांनी किमान २२० खाटांच्या शासकीय रुग्णालयात दहा वर्षे काम केलेल्या विशेषज्ञांना सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट खुली केली. यावर टीका झाली. अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांना नीट मिळालेच पाहिजे, हे आम्हीही मानतो. तरीही इथे वर्षानुवर्षे रात्रीची सिझेरियन केलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाजवळ मुलांना देण्यासारखे पुष्कळ आहे, आणि अशांचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि संचालनालयाकडे आमची मागणी आहे. आशा, परिचारिका आणि उपकेंद्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी तयार केलेले प्रशिक्षण, त्याचे साहित्य आणि त्याचा मोजलेला परिणाम बढतीच्या वेळी शोधनिबंधाच्या बरोबरीने धरावा. डीआरपीवर जिल्ह्यातल्या शासकीय रुग्णालयात गेलेल्या पीजींना तिथे जाऊन शिकवणाऱ्या अध्यापकाचे ते तास अध्यापनाचेच मानावेत. अवघड भागातल्या सेवेनंतर बदलीचा शब्द दिला असेल, तर तो पाळावा. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सहकाऱ्यांनी आपल्या वॉर्डातल्या आणि गावातल्या अध्यापनाचे अनुभव आमच्याकडे पाठवावेत. पुढच्या अंकापासून त्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.