सीट खाली घेतली, पण...

ब्लाऊज शिवायला टाकताना दोनदा माप देणारी मी, बावीस हजारांची सायकल मात्र बिनमापाची घेऊन आले. उंची चार फूट अकरा इंच. नांदेडहून माहूरला सायकलने जायचे मनात होते. दुकानदार म्हणाला, ‘ताई, सीट खाली घ्या, जमेल!’ घेतली. कंधारच्या पहिल्याच फेरीत मान धरली, बोटांना मुंग्या आल्या.

दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकलेली आमची पिढी. मोठ्या सायकलशी जुळवून घेणे आमच्या अंगवळणीच पडलेले! पण सीट खाली आली म्हणून हँडल फारसे जवळ येत नाही. लेडीज सायकलचेही तेच; वाकलेल्या दांड्याने चढणे सोपे होते, हात तेवढेच ताणलेले राहतात. उभे राहिल्यावर दांड्याच्या वर दोन-तीन बोटे जागा हवी, हे खरेच. लांबच्या प्रवासात मात्र सीटपासून हँडलपर्यंतचे अंतर आधी पाहावे. कोपरे किंचित वाकलेली राहिली पाहिजेत. पायडलची क्रँकही सर्रास १७० मिलिमीटरची येते. आखूड पायांना १६०-१६५ची बरी.

अमेरिकेत जॉर्जीना टेरी या इंजिनिअर बाईंनी १९८५ साली खास बायकांच्या सायकलींची कंपनी काढली. पुढचे चाक लहान करून त्यांनी फ्रेम आखूड केली. आपल्याकडे दुकानात निदान मापाची टेप का नसावी?

आता लहान फ्रेमची, २६ इंची चाकांची मागवली आहे. घटस्थापनेआधी आली, तर नवरात्रात माहूर.