हयात, पण घरबसल्या

नोव्हेंबर लागला आणि बँकेचा मेसेज आला : हयातीचा दाखला आता घरबसल्या, शाखेत येण्याची गरज नाही. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून तोच मजकूर शाखेच्या दारावर चिकटवला. या आठवड्यात पाहतो तर तो दारातल्या सुरक्षारक्षकालाही पाठ करायला दिलेला. पायऱ्या चढून धापा टाकत आलेल्या एका गृहस्थांना तो अदबीनं सांगत होता, "काका, मोबाईलवर होतं ते. मुलाला सांगा." काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दाखल्याला इस्त्री लागत नाही, पण हे त्या पोराच्या ध्यानात यावं कसं?

बँकेतल्या टोकन यंत्रावरचा माझा लेख वाचून ज्यांनी मला रांगेचा भगत ठरवलं, त्यांनी इथेच पान उलटावं. आज पुन्हा रांगच आहे.

आमच्या शाखेत नोव्हेंबरभर कोपऱ्यात एक टेबल असायचं. राज्य सरकारच्या पेन्शनरांची यादी कोषागारातून यायची, ती त्यावर. आपलं नाव शोधायचं आणि पुढे सही ठोकायची, झाला हयातीचा दाखला. काम दोन मिनिटांचं, पण माणसं तास तास रेंगाळायची, कारण स्वतःच्या नावापुरती यादी कुणीच वाचत नसे. पाटबंधारे खात्यातला माणूस तहसील कचेरीतल्या जुन्या सोबत्याचं नाव धुंडाळायचा. सही दिसली की "हा येऊन गेला वाटतं." नाही दिसली की शेजाऱ्याला, "यांचं काही कळलं का?" एकांचं बोट माझ्यादेखत असंच एका नावावर अडलं. शेजारचे म्हणाले, "दिवाळीच्या आधीच. तुम्हाला निरोप नाही मिळाला?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चालू लागले. स्वतःची सही राहिलीच, कारकुनानं हाक मारून परत बोलावलं. पाच मिनिटांनी तेच दोघं गुडघ्यांवर आले होते. "एक केला, दुसऱ्याचं धाडस होत नाही." "मग दुसराच आधी करायचा होता!" यात विनोद काय ते मला आजही कळलेलं नाही, पण टेबलाभोवतीची झाडून सगळी हसली. कुटुंबनिवृत्तिवेतनवाल्या बायका यायच्या. वर्षभर कुणाची आई, कुणाची आजी असलेल्या बाईचं नाव तिथे चारचौघांत पुकारलं जायचं, तेही आडनावासकट.

आता फोन तोंडासमोर धरायचा, चौकटीत चेहरा बसवायचा आणि डोळे मिचकावायचे. झालात हयात. डिजिटल दाखला २०१४ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा बोटाचा ठसा नाहीतर बुबुळ लागे, २०२१ पासून नुसता चेहरा पुरतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही सोय म्हणजे देवच पावला, तिच्याविरुद्ध मी एक अक्षर लिहिणार नाही. पोस्टमन घरी येऊन दाखला करून देतो, तेही उत्तम. तो निदान घोटभर पाणी पिऊन, दोन शब्द बोलून जातो. माझं भांडण आहे ते हिंडत्याफिरत्या माणसाला दारातून माघारी धाडण्याशी.

याच्या नेमकं उलट नेदरलँड्समध्ये चाललंय. जम्बो नावाच्या तिथल्या मोठ्या सुपरमार्केट साखळीनं २०१९ मध्ये फ्लेमन नावाच्या गावातल्या दुकानात एक वेगळा गल्ला उघडला. नाव 'क्लेट्सकासा', म्हणजे गप्पांचा गल्ला. ज्याला घाई नाही त्यानं या रांगेत यावं. गल्ल्यावरची बाई बटाटे तोलता तोलता विचारणार, कसं काय चाललंय, नातू आला होता का. मागचा खाकरणार नाही, कारण तोही त्यासाठीच उभा. २०२१ मध्ये असे गल्ले २०० दुकानांत नेण्याचं कंपनीनं जाहीर केलं. एकटेपणाविरुद्ध तिथल्या सरकारनं जी मोहीम उघडली आहे, तिच्यात ही कंपनी सामील आहे. आणि गंमत अशी की, सगळे गल्ले उघडे नसताना तुम्ही रांगेत चौथे असलात तर सामान फुकट, हे वचन ज्या दुकानदाराचं, तो हाच. वेगावर धंदा उभारलेल्या माणसाला मुद्दाम एक संथ रांग लावावीशी वाटली.

धर्मादाय म्हणून त्यानं हे केलं असं मानण्याइतका मी भोळा नाही. पण त्या व्यापाऱ्याला एक गोष्ट कळली, जी आमच्या बँकेला कळत नाही : भेटीला निमित्त लागतं. 'मला करमत नाही' असं म्हणून कुणी घराबाहेर पडत नाही, पुरुष तर नाहीच नाही. तो बटाटे आणायला जातो, सही करायला जातो. एकटेपणा निवारण केंद्र काढा, उद्घाटनाच्या फोटोपलीकडे तिथे चिटपाखरू फिरकणार नाही. डच लोकांना असं निमित्त मेहनतीनं रचावं लागलं. आपल्याला ते सरकारी खाक्यानं, तेही माणूस जिवंत आहे की नाही या संशयापोटी, आयतं दिलं होतं.

दोन शब्दांनी असं काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी : व्हँकुव्हरच्या दोन महिला मानसशास्त्रज्ञांनी कॉफीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांवर एक प्रयोग केला. काहींना सांगितलं, पैसे तयार ठेवा, झटपट उरका. बाकीच्यांना सांगितलं, गल्ल्यावरच्या माणसाकडे बघून हसा, चार शब्द बोला. बोलणारे जास्त खुशीत बाहेर पडले. माणसं साठेकच होती आणि प्रयोग कॉफीचा, पेन्शनचा नव्हे. तरी मला तो पटतो, कारण मला तो पटवून घ्यायचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो असं म्हटलंय. त्यातला आपल्या शाखेच्या दारातून परत गेलेला कोण, हे बँकेनं शोधावं.

टोकन यंत्राबद्दलही पुन्हा सांगतो. ते आल्यापासून सगळ्यांची तोंडं पडद्याकडे. रांगेतली भांडणं थांबली हे खरं. पण "तुमचा नंबर माझ्यामागे होता" यावरून सुरू झालेली भांडणं पुढे सोयरिकीपर्यंत गेलेली मी पाहिली आहेत. बरं, एक, पण पाहिली आहे.

कोपऱ्यातल्या त्या टेबलाच्या जागी आता कर्जाच्या जाहिरातीचा फलक उभा आहे, हसऱ्या कुटुंबाचा. तो महिनाभर भिंतीला टेकवून ठेवला तर बँक बुडणार नाही. टेबल आहे, खुर्च्या वरच्या मजल्यावर रचलेल्या आहेत. ज्याला मोबाईलवर करायचंय त्यानं खुशाल करावं, ज्याला यायचंय त्याला दारात अडवू नये, एवढंच मागणं आहे. मॅनेजरसाहेबांना ते सांगितलं तर म्हणाले, "वरून टार्गेट आहे."

ज्यांच्या शाखेत यादी अजून टेबलावर मिळते, त्यांनी ३० तारखेच्या आत जाऊन सही करावी आणि मला पत्रानं कळवावं. शाखेचं नाव मी छापणार नाही. छापलं तर तिथलंही टेबल उचलतील.