हात धुण्याचं तत्त्वज्ञान

रॉबर्ट पर्सिगच्या ‘लीला’वर परवा एक व्याख्यान ऐकलं आणि डोकं तापवून घरी आलो. १९९१च्या या पुस्तकात पर्सिग स्थिर मूल्यांचे चार थर मानतो: जड, जैविक, सामाजिक, बौद्धिक. वक्ते म्हणाले, शेवटचे दोन एकच. विज्ञान विद्यापीठात चालतं, विद्यापीठ समाज चालवतो. तेव्हा सत्य म्हणजे प्रतिष्ठितांची संमती. टाळ्या पडल्या. म्हणजे त्यांच्याच हिशेबानं तेही सत्य ठरलं!

१८४७ सालचं व्हिएन्ना घ्या. तिथल्या मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते, एक डॉक्टरांचा, एक सुइणींचा. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वरानं कितीतरी जास्त बायका मरत. तिथल्या सेमेलवाइस या डॉक्टरच्या ध्यानात आलं, की ही डॉक्टर मंडळी प्रेतं चिरून तशीच बाळंतिणीकडे येतात. त्यानं क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मरत होत्या, जूनमध्ये दोनेक. आता प्रतिष्ठितांची संमती शोधा. सभ्य गृहस्थाचे हात घाण असतात, हे बहुतेकांच्या पचनीच पडेना. १८६५मध्ये सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात मेला. वक्त्यांच्या न्यायानं त्या बायका चुकून वाचल्या म्हणायच्या. मान्यता कुठे होती?

हे आकडे ज्यांत आहेत त्या नोंदवह्या इस्पितळाच्या, म्हणजे समाजाच्याच होत्या, कबूल. पण तबल्याचं खोड सुतारानं कातलं म्हणून तीनताल सुताराचा होत नाही. संगणकाची माहितीपुस्तकं लिहून पोट भरलेला पर्सिगही हेच सांगतो: यंत्रातली वीज मोजून त्यातली कादंबरी कळत नाही. वक्त्यांनी ते पान गाळलेलं दिसतं.

बुद्धिवादी समाज पोखरतात, हा वक्त्यांचा दुसरा आक्षेप. विसाव्या शतकातल्या बुद्धिवाद्यांना पर्सिगनंच त्याबद्दल झोडपलंय. तिसरा आक्षेप, हे थर पाश्चात्त्य आहेत म्हणे. असोत. (पंधरा वर्षांपूर्वी एका वाचकमंडळात याच वादात मी हरलो होतो. हात वर करून मतदान झालं होतं.)

माझं म्हणणं एवढंच. माणसांनी पाठ फिरवली की सामाजिक मूल्य संपतं: पागोटं, पदवी, कीर्ती. बौद्धिक मूल्य चूक सापडली की पडतं, मग पाठीशी सगळा गाव का असेना. हद्द नेमकी कुठे आखायची, हे मलाही दर वेळी सांगता येत नाही. कायद्यापाशी तर मी हमखास अडतो. भाषणस्वातंत्र्याचं मात्र पर्सिग स्पष्ट सांगतो: समाजापासून बुद्धीचं रक्षण करणारी ती नीती आहे. वक्त्यांचं परवाचं भाषणही त्यात आलं.