रोज की आठवड्यातून एकदा? ‘तरुण ठेवणाऱ्या’ गोळ्यांच्या वेळापत्रकामागे काय आहे

आठवड्यातून एक दिवस गोळी घ्यायची आणि उरलेले सहा दिवस सुट्टी. म्हातारपण लांबवण्याचा हा फंडा सध्या रील्समधून फिरतोय. त्यात सगळ्यात जास्त नाव येतं रॅपामायसिनचं.

खरं तर हे सप्लिमेंट नाहीच. किडनी बदललेल्या रुग्णाच्या शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलं जाणारं, रोगप्रतिकारशक्तीला लगाम घालणारं हे औषध आहे. अमेरिकेत त्याला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. भारतात ते सिरोलिमस या नावाने, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं.

मग ते म्हातारपणाशी जोडलं कसं गेलं? २००९ मध्ये ६०० दिवसांच्या, म्हणजे उतारवयातल्या उंदरांना ते देण्यात आलं. माद्यांचं कमाल आयुर्मान १४ टक्क्यांनी, तर नरांचं ९ टक्क्यांनी वाढलं.

रील्समध्ये न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की या उंदरांना औषध रोजच्या खाण्यातून मिळत होतं, आठवड्यातून एकदा नाही.

मग सुट्टी कुठून आली?

हे औषध ‘एमटॉर’ नावाच्या प्रथिनाला आवर घालतं. पेशींना ‘वाढत राहा’ असा निरोप देणारं हे प्रथिन दोन वेगवेगळ्या गटांत काम करतं. पहिल्या गटाला आवर घातला की फायदा होतो, असं मानलं जातं. मात्र औषध सतत सुरू राहिलं तर दुसरा गटही बिघडतो आणि शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. रक्तातलं औषध निम्मं व्हायला साधारण अडीच दिवस लागतात. म्हणून आठवड्याचं अंतर ठेवलं तर दुसऱ्या गटाला सावरायला वेळ मिळेल, हा तर्क.

तर्क पटण्यासारखा आहे. २०१६ मध्ये दर पाच दिवसांनी औषध दिलेल्या मादी उंदरांचंही आयुष्य वाढलेलं दिसलं. माणसांचा पुरावा मात्र तोकडा आहे. २०१४ मध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांना याच कुळातलं एव्हरोलिमस देऊन फ्लूची लस टोचली गेली. लशीला मिळणारा प्रतिसाद साधारण २० टक्क्यांनी सुधारला. पण हा फायदा आठवड्याला ५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांना झाला तसाच रोज अर्धा मिलिग्रॅम घेणाऱ्यांनाही झाला. म्हणजे ज्या अभ्यासाच्या जोरावर ‘आठवड्यातून एकदा’ गाजलं, त्यात रोजचा छोटा डोस हरलेलाच नव्हता. शिवाय माणूस जास्त जगतो का, हे त्यात तपासलंच नव्हतं.

अंतर ठेवलं म्हणजे त्रास टळतो, असंही नाही. तरुण राहण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतणारे अमेरिकन उद्योजक ब्रायन जॉन्सन यांनी जवळपास पाच वर्षं वेगवेगळ्या वेळापत्रकांनी रॅपामायसिन घेतलं. २०२४ मध्ये त्यांनी ते बंद केलं. त्वचेचे संसर्ग, वाढलेली साखर आणि बिघडलेलं कोलेस्टेरॉल ही कारणं त्यांनी स्वतःच सांगितली.

फिसेटिन आणि क्वेर्सेटिनचं गणित वेगळं आहे. शरीरात साचलेल्या, धड मरत नाहीत आणि कामही करत नाहीत अशा पेशी त्यांनी काढून टाकाव्यात, ही अपेक्षा. दिवाळीला माळा साफ केला की तो दुसऱ्याच दिवशी अडगळीने भरत नाही. म्हणून संशोधनात हे घटक सलग दोन-तीन दिवस मोठ्या डोसमध्ये देऊन मग थांबतात. फिसेटिनच्या चाचण्यांत किलोमागे २० मिलिग्रॅम डोस वापरला गेलाय, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला १,४०० मिलिग्रॅम. दुकानातल्या अनेक डब्यांवर मात्र ‘रोज एक कॅप्सूल’ लिहिलेलं असतं. ते वेळापत्रक या चाचण्यांमधून आलेलं नाही.

अंतराची चूक किती महागात पडते, हे आपल्याकडच्या ड जीवनसत्त्वावरून कळतं. ६०,००० युनिटची गोळी सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, कारण हे जीवनसत्त्व चरबीत साठून राहतं. तीच रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि किडनीवर ताण येतो. उलट टोकाचा प्रयोग ऑस्ट्रेलियात झाला. तिथे वयस्कर महिलांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट दिले गेले. २०१० मध्ये निकाल आला, तेव्हा पडण्याचं आणि हाड मोडण्याचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेलं होतं.